डेथ मेटलचा नवा अल्बम ऐकून मत कसे बनवावे

डेथ मेटल, म्हणजे रॉक संगीतातला एक अतिशय जड प्रकार, पहिल्यांदा ऐकणारा माणूस साधारण अर्ध्या मिनिटात निर्णय घेतो, आणि तो निर्णय गायकाच्या आवाजावरून घेतलेला असतो. घशाच्या तळातून येणारी ती गुरगुर ज्याला सहन होत नाही तो तिथेच थांबतो, आणि ज्याला तिची ओढ लागते तो त्या जातीचे जे हाती येईल ते सारे उत्तम मानू लागतो. पुढे कित्येक वर्षे ऐकूनही अनेक चाहते या दुसऱ्या अवस्थेतच राहतात, त्यामुळे त्यांचे मत 'जबरदस्त' आणि 'बेकार' या दोन शब्दांपाशी संपते. माझे म्हणणे असे आहे की या संगीतात आवाज सर्वांत शेवटी ऐकावा. आधी लय, मग रिफ (गिटारवरचे छोटे स्वरवाक्य), मग ध्वनिमुद्रण आणि त्यानंतर आवाज व शब्द, या क्रमाने ऐकणाऱ्याला आपले मत कारणांसह सांगता येते, आणि दुसऱ्याने त्याला विरोध केला तर नेमका कशाला केला हेही कळते.

हा क्रम मी लातूरमध्ये राहून, बहुतांशी एकट्याने ऐकत शिकलो. माझ्या गावात या संगीताचा कार्यक्रम मी कधी पाहिलेला नाही, आणि ज्याच्याजवळ बसून अल्बम ऐकावा असे ओळखीचे माणूसही फार उशिरा भेटले. मुंबई, पुणे किंवा बंगळूरच्या श्रोत्याला बँड समोर वाजताना पाहून जे आपसूक समजते ते आपल्याला हेडफोनमधून, कान लावून, पुन्हा पुन्हा ऐकून मिळवावे लागते. त्याला पद्धत असली की वेळ वाया जात नाही.

ऐकण्यापूर्वी

अल्बम सलग आणि पूर्ण ऐकायचा आहे, म्हणून वेळ आधी ठरवावा. या प्रकारातले अल्बम फार लांब नसतात. ४० ते ६० मिनिटे मोकळी असली की पुरतात. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नये. या संगीतात गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेल्या असतात, बास गिटार आणि बास ड्रम त्याहून खाली असतात, आणि लहान स्पीकर हे खालचे सूर उमटवूच शकत नाही. मग हाती उरते ती झांजेची कर्कश किणकिण आणि गायकाचा आवाज, म्हणजे ज्यावरून मत बनवू नये तेवढेच. साधा, तारेचा, चांगला हेडफोन पुरेसा आहे. मात्र मोबाइलमधली 'बास बूस्ट' आणि तत्सम सोय आधी बंद करावी, कारण तिच्यामुळे सगळे अल्बम एकाच घाण्यातून काढल्यासारखे वाटू लागतात.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० अंशांच्या वर असतो आणि कूलरच्या घरघरीत बास गिटार पूर्ण बुडून जाते. म्हणून मी रात्री दहानंतर गच्चीवर बसून ऐकतो. त्या शांततेत आवाज कमी ठेवूनही सगळे ऐकू येते, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. आवाज त्याहून वाढवला की सुरक्षित तास झपाट्याने कमी होतात. कान गेला की संगीत गेले, त्यामुळे मोठ्या आवाजात ऐकण्याला शौर्य मानू नये.

शक्य असेल तर अल्बम विकत घ्यावा. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल प्रत घेतली की दर्जा न घटवलेली, मूळ दर्जाची फाइल उतरवून घेता येते, ती जवळ राहते आणि नेटवर्क नसलेल्या प्रवासातही ऐकता येते. मार्च २०२० पासून या संकेतस्थळाने काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडण्याची प्रथा सुरू केली आहे. त्या दिवशी घेतल्यास बँडला जास्त पैसे मिळतात. परदेशातून तबकडी मागवण्याचा टपालखर्च आणि त्यावरचे सीमाशुल्क पाहता आपल्यासाठी हाच मार्ग व्यवहार्य आहे.

पहिली फेरी: लय

पहिल्या ऐकण्यात फक्त ड्रम ऐकावेत. नव्या श्रोत्याला सर्वाधिक गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे ब्लास्ट बीट. यात स्नेअर (काठीने वाजवायचा छोटा, कडक आवाजाचा ड्रम), पायाने वाजवायचा बास ड्रम आणि झांज यांचे ठोके इतके जवळजवळ पडतात की त्यांचा एकसंध पडदा तयार होतो. हे नाव रूढ करण्याचे श्रेय इंग्लंडच्या नेपाम डेथ या बँडचा ड्रमर मिक हॅरिस याला दिले जाते. तो वेग मोजण्याचा प्रयत्न करणारा श्रोता दमतो. त्याऐवजी त्या पडद्याखाली चाललेली संथ लय शोधावी आणि ती मांडीवर हाताने धरावी. आपल्याला हे नवे नाही. कीर्तनात पखवाजी दुगुन वाजवो की चौगुन, टाळ आपल्या जागीच पडतो, आणि ऐकणाऱ्याची मान त्या टाळावरच डोलते. डेथ मेटलमध्ये हा टाळ बहुधा गिटारच्या रिफमध्ये दडलेला असतो. तो एकदा सापडला की ब्लास्ट बीट गोंगाट वाटत नाही. ती त्याच लयीची चौगुन आहे हे कानाला पटते.

काही वर्षांपूर्वी तुळजापूरच्या बाजूला एका नातलगाच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ होता. रात्रभर संबळ वाजवून सकाळी चहा घेत बसलेल्या वयस्कर गोंधळी काकांना मी, त्यांनीच विचारले म्हणून, माझे हेडफोन दिले आणि मॉर्बिड एंजल या फ्लोरिडाच्या बँडचा १९८९ चा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' लावून दिला. त्यात पीट सॅन्डोवाल ड्रम वाजवतो. काकांनी दोन गाणी डोळे मिटून ऐकली. आवाजाबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. हेडफोन काढून त्यांनी एवढेच सांगितले, "हात मोजून पडायलेत बघ त्याचे, घाई करंना तो." या संगीतातल्या ड्रमवादनाबद्दल मी वाचलेल्या आणि ऐकलेल्या सर्व मतांमध्ये मला हे मत सर्वांत मोलाचे वाटते. वेग आणि घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवा अल्बम ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारावा की ड्रमर वेगात आहे की घाईत आहे.

त्यानंतर ड्रमर कोठे बदल करतो हे पाहावे. कॅनिबल कॉर्प्स या बँडचा ड्रमर पॉल माझुरकेविच हा बँडच्या १९८८ च्या स्थापनेपासून आहे. त्याच्याहून वेगवान ड्रमर आज कितीतरी आहेत, पण रिफ बदलताना तो ठेका ज्या ठिकाणी मोडतो ती ठिकाणे गाण्याला मदत करणारी असतात. याच्या अगदी उलट टोकाला न्यूझीलंडच्या अल्सरेट या बँडचा जेमी सेंट मेरॅट आहे. तो ठेका धरून बसत नाही. गिटारने एक वाक्य म्हटले की त्याला उत्तर देत, कधी त्याच्या आधीच बोलत तो पुढे जातो. पहिल्यांदा ऐकताना समेवर कधी यायचे हेच कळत नाही. अशा अल्बमाला निदान पाच वेळा ऐकल्याशिवाय चांगले किंवा वाईट म्हणू नये, असे मी स्वतःपुरते ठरवले आहे.

दुसरी फेरी: रिफचा नकाशा

रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरवाक्य, आणि डेथ मेटलचे सगळे बांधकाम त्यावर उभे असते. चित्रपटगीतात ध्रुवपद आणि अंतरा ही चौकट ठरलेली असते. इथे ती बहुतेक वेळा नसते. तीन मिनिटांच्या गाण्यात आठ-दहा रिफ एकामागोमाग येतात आणि त्यांतले काही परत कधीच येत नाहीत. म्हणून दुसऱ्या फेरीला वही घेऊन बसावे. पहिल्या रिफला 'क' म्हणावे, दुसऱ्याला 'ख', आणि प्रत्येक नव्या रिफची वेळ मिनिट-सेकंदांत लिहावी. जुना रिफ परत आला तर त्याचेच अक्षर लिहून, तो जसाच्या तसा आला की बदलून आला याची खूण करावी. पूर्ण अल्बमाचा नकाशा काढण्याची गरज नाही. सुरुवातीचे एक, मधले एक आणि शेवटचे एक अशी तीन गाणी पुरतात. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण माझ्या मतांत जो काही नेमकेपणा आला आहे तो सगळा या वहीमुळे आला आहे.

नकाशा तयार झाला की त्याला प्रश्न विचारता येतात. 'ग' वरून 'घ' वर जाताना काही कारण जाणवते का, की केवळ नवा रिफ सुचला म्हणून जोडला आहे? परत आलेला 'क' पहिल्यापेक्षा जड वाटतो का? अल्बम संपल्यावर, हेडफोन काढून ठेवल्यावर, यांतला एखादा रिफ गुणगुणता येतो का? शेवटचा प्रश्न मी सर्वांत निर्णायक मानतो. तांत्रिक कौशल्याचे प्रदर्शन करणारे कितीतरी नवे अल्बम ऐकताना थक्क करतात आणि संपल्यावर त्यांतले काहीच हाती राहत नाही.

कॅनिबल कॉर्प्सचा 'केऑस हॉरिफिक' हा सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला सोळावा अल्बम मी या कसोटीवर घासून पाहिला. मॉर्बिड एंजल आणि हेट इटर्नलमधून आलेला गिटारवादक एरिक रुटन हा आधी या बँडचा निर्माता होता, आणि २०२१ च्या 'व्हायलन्स अनइमॅजिन्ड' पासून तो बँडमध्ये वाजवूही लागला. माझ्या मते त्याच्या येण्याने या बँडचे रिफ अधिक वाकडे आणि अधिक लक्षात राहणारे झाले आहेत. 'व्हायलन्स अनइमॅजिन्ड' ऐकताना वहीत बदललेल्या रिफच्या खुणा भरपूर पडल्या; 'केऑस हॉरिफिक' मध्ये त्या कमी आहेत, रिफ सरळ आहेत, पण गुणगुणता येणारे जास्त आहेत. पहिला अल्बम अभ्यासाला चांगला आणि दुसरा ऐकायला चांगला, असे माझे मत आहे, आणि मला विचाराल तर मी दुसरा पुन्हा लावीन. ऍलेक्स वेबस्टर तीन बोटांनी वाजवत असलेली बास गिटार या दोन्ही अल्बमांत स्पष्ट ऐकू येते, तिच्यासाठी वेगळी फेरी दिली तरी चालेल.

ऑबिच्युअरी या फ्लोरिडाच्या बँडला मात्र हा नकाशा लागत नाही. त्यांच्या जानेवारी २०२३ च्या 'डाइंग ऑफ एव्हरीथिंग' मध्ये रिफ थोडे आहेत, लय बऱ्याच ठिकाणी संथ आहे आणि प्रत्येक रिफ पुरेसा वेळ थांबतो. इथे मोजायचे ते रिफ आणि त्याच्या पुढच्या आघातामधले अंतर. नव्या श्रोत्याने सुरुवात याच अल्बमापासून करावी असे मी सुचवतो, कारण यात लय हरवत नाही.

ध्वनिमुद्रण

ही फेरी थोडक्यात उरकली तरी चालते, पण वगळू नये. या संगीताचा ध्वनी दोन ठिकाणी घडला आणि आजचे बहुतेक बँड त्या दोघांपैकी एकाकडे पाहतच आपला ध्वनी ठरवतात. फ्लोरिडातल्या टँपा शहरातील मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्सने केलेल्या मुद्रणात प्रत्येक वाद्य कोरडे, सुटे आणि धारदार ऐकू येते. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कॉग्सबर्गने एन्टूम्ड या बँडचा १९९० मध्ये आलेला 'लेफ्ट हँड पाथ' मुद्रित केला, तेव्हा बॉस कंपनीच्या एचएम-२ या पेडलच्या (गिटारचा नाद बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या उपकरणाच्या) खुंट्या शेवटपर्यंत फिरवून गिटारला लाकूड कापणाऱ्या करवतीसारखा खरखरीत नाद दिला गेला. १९९१ मध्ये बंद झालेले ते पेडल कंपनीने २०२१ मध्ये नव्या रूपात पुन्हा आणले, यावरून त्या नादाची मागणी किती टिकून आहे हे कळते.

करवतीचा नाद ऐकू आला की श्रोता खूश होतो, आणि फसतो तो इथेच. पेडल विकत मिळते, रिफ मिळत नाही. नव्या बँडचा अल्बम ऐकताना तो नाद मनातून वजा करून रिफ किती उरतो हे पाहावे. ऍरिझोनाच्या गेटक्रीपरचा २०२४ चा 'डार्क सुपरस्टिशन' या वजाबाकीनंतरही उरतो, कारण त्यांनी सुरेल गिटार आणि संथ लय यांना पूर्वीपेक्षा जास्त जागा दिली आहे. काहींना तो मवाळ वाटेल. मला तो त्यांचा सर्वांत विचारपूर्वक केलेला अल्बम वाटतो.

दुसरी खबरदारी ड्रमच्या बाबतीत घ्यावी. अनेक आधुनिक मुद्रणांत बास ड्रमला संवेदक लावून प्रत्येक ठोक्याच्या जागी आधीच तयार केलेला एकसारखा ध्वनी घातला जातो. त्यामुळे वेगातही ठोके स्पष्ट राहतात, पण हलका आणि जड हात यांतला फरक पुसला जातो. ही पद्धत चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या अल्बमात ड्रम टंकयंत्रासारखे एकसुरी ऐकू येतात त्याचा दोष ड्रमरच्या माथी मारण्यापूर्वी मुद्रणाकडे पाहावे.

आवाज आणि शब्द

आता आवाजाकडे यावे. हा आवाज स्वरतंतूंच्या वर असलेल्या पडद्यांना, म्हणजे ज्यांना आभासी स्वरतंतू म्हणतात त्यांना, कंप देऊन काढला जातो, आणि तो नीट काढणारा गायक घसा ताणत नाही. घरी नक्कल करून पाहणाऱ्याने घसा दुखू लागताच थांबावे. श्रोत्याने या आवाजाला तालवाद्य समजून ऐकावे. त्यात सूर शोधू नये, आघात शोधावा: शब्द रिफच्या कोणत्या मात्रेवर पडतो, गायक रिफबरोबर चालतो की त्याला छेद देतो. ऑबिच्युअरीच्या जॉन टार्डीने १९८९ च्या पहिल्या अल्बमात कितीतरी ठिकाणी अर्थ असलेले शब्दच वापरले नव्हते, तरीही त्याचा आवाज त्या गाण्यांत अगदी योग्य जागी बसतो. इमोलेशन या बँडच्या रॉस डोलनचा आवाज याच्या उलट आहे. खोल असूनही त्याचा शब्दन् शब्द समजतो.

शब्दांबद्दल मत देताना टाळाटाळ करू नये. या संगीताचा विषय मृत्यू आहे, आणि ज्या भागात दुष्काळाची वर्षे माणसे नावानिशी लक्षात ठेवतात, ज्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचत आलो, तिथल्या श्रोत्याला मृत्यू हा सजावटीचा विषय वाटणे कठीण आहे. भयपटासारखी रक्तमांसाची वर्णने करणारी गाणी मी कल्पित म्हणून ऐकतो. परंतु १९९० च्या दशकातल्या काही प्रसिद्ध अल्बमांत स्त्रियांवरील हिंसेची जी वर्णने आहेत ती मला मान्य नाहीत, ती गाणी मी वगळतो, आणि त्या अल्बमाची शिफारस करताना हे सांगूनच करतो. प्रत्येकाने आपली रेघ आपण आखावी, मात्र ती कोठे आखली हे मत देताना लपवू नये. मृत्यूला त्याचे वजन देणारे अल्बम मला जवळचे वाटतात. इमोलेशनचा फेब्रुवारी २०२२ चा 'ऍक्ट्स ऑफ गॉड' तसा आहे. धर्मसत्तेवरचा त्यांचा राग १९९१ च्या 'डॉन ऑफ पझेशन' पासून तोच आहे, पण रॉबर्ट व्हिग्नाच्या गिटारमध्ये आता त्या रागाबरोबर शोकही ऐकू येतो.

बँडच्या मागच्या कामाशेजारी ठेवणे

नव्या अल्बमाची तुलना दुसऱ्या बँडच्या गाजलेल्या अल्बमाशी करण्याचा मोह होतो. तो टाळून आधी त्याच बँडचा मागचा अल्बम ऐकावा, म्हणजे बँड कोठून निघाला आणि कोठे जाऊ पाहतो ते कळते. याचे उत्तम उदाहरण डेथ या बँडचे आहे. चक शुल्डिनरने १९८७ च्या 'स्क्रीम ब्लडी गोर' पासून १९९८ च्या 'द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स' पर्यंत सात अल्बम केले आणि २००१ मध्ये तो वारला. हे सातही अल्बम क्रमाने ऐकले की एकाच माणसाचा विचार अकरा वर्षांत किती लांब गेला हे कानांना कळते, आणि 'हे पहिल्यासारखे नाही' ही तक्रार किती उथळ असू शकते तेही कळते.

हीच चूक मी टोरांटोच्या टूम मोल्डबद्दल केली. त्यांचा २०१९ चा 'प्लॅनेटरी क्लेअरव्हॉयन्स' दमट, काळोख्या तळघरासारखा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'द एन्ड्युअरिंग स्पिरिट' मध्ये स्वच्छ गिटार, जॅझच्या वळणाची स्वरसंगती आणि मोकळ्या जागा ऐकून मी दुसऱ्याच दिवशी मित्राला कळवले की बँड भरकटला. मग मागचा अल्बम शेजारी ठेवून पुन्हा ऐकला, तेव्हा लक्षात आले की रिफ जोडण्याची पद्धत तीच आहे, फक्त तळघराला खिडक्या पडल्या आहेत. या बँडमध्ये मॅक्स क्लेबानोफ ड्रम वाजवता वाजवता गातो, त्यामुळे आवाज आणि ड्रम यांचे आघात एकाच श्वासातून आल्यासारखे जुळतात. हे मला पहिल्या वेळी ऐकूच आले नव्हते, कारण मी जे नाही ते शोधत होतो. आज हा अल्बम माझ्या गेल्या काही वर्षांतल्या आवडत्या तीन अल्बमांपैकी एक आहे.

डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा 'ऍब्सोल्यूट एल्सव्हेअर' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि त्यावर चाहत्यांचे जितके वाद झाले तितके अलीकडे क्वचितच झाले असतील. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत मुद्रित झालेल्या या अल्बमात फक्त दोन रचना आहेत, प्रत्येकीचे तीन भाग आहेत आणि एकूण लांबी पाऊण तासाच्या आत आहे. टँजरिन ड्रीम या जर्मन बँडचा थोर्स्टन क्वेश्निंग त्यात सिंथेसायझर वाजवतो. मध्येच डेथ मेटल थांबते आणि १९७० च्या दशकातले संथ, अवकाशातल्यासारखे संगीत सुरू होते. हा अल्बम नीट ऐकण्यासाठी आधी त्यांचा २०१९ चा 'हिडन हिस्टरी ऑफ द ह्यूमन रेस' आणि मग केवळ सिंथेसायझरवर केलेला २०२२ चा 'टाइमवेव्ह झीरो' ऐकावा. या दोन प्रवाहांचा संगम करण्याची इच्छा मग स्पष्ट दिसते. संगम झाला का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते पहिल्या रचनेत तो झाला आहे. तिथे संथ भागातून जड भागात जाताना लय आतून बदलते. दुसऱ्या रचनेत काही सांधे मला बाहेरून जोडलेले वाटतात, विशेषतः स्वच्छ आवाजातल्या गाण्याच्या आसपास. तरीही हा अल्बम सलग ऐकावा, त्याचे तुकडे करून ऐकल्यास त्याच्यावर अन्याय होतो.

अल्सरेटचा जून २०२४ चा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' हा माझ्या मते या काही वर्षांतला सर्वश्रेष्ठ अल्बम आहे, आणि हे मत मी बराच काळ ऐकून झाल्यावर लिहितो आहे. तिघांचा बँड, सात रचना, जवळपास तासाभराची लांबी. त्यांच्या जुन्या अल्बमांत बेसूर स्वरांची भिंत असे; २०२० च्या 'स्टेअर इंटू डेथ अँड बी स्टिल' मध्ये त्या भिंतीतून सुरावट डोकावू लागली, आणि इथे ती सुरावट पुढे येऊन उभी राहिली आहे. मायकेल हॉगार्डची एकच गिटार हे सगळे दुःख उचलते. वडील गेल्यानंतरच्या आठवड्यात मला दुसरे कोणतेही संगीत ऐकवत नव्हते, हा अल्बम मात्र ऐकवत होता. माझ्या मतात या गोष्टीचा वाटा आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे.

सफोकेशन या बँडच्या नोव्हेंबर २०२३ च्या 'हिम्स फ्रॉम द अपॉक्रिफा' बद्दल एवढेच सांगतो की गायक बदलला तरी गिटारवादक टेरन्स हॉब्सचे रिफ असेपर्यंत तो बँड तोच आहे.

भारतीय बँड ऐकताना

आपल्याकडच्या बँडविषयी मत देताना दोन चुका होतात: आपले म्हणून सवलत देणे किंवा आपले म्हणून कमी लेखणे. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा २०१७ चा 'दशावतार' हा विष्णूच्या अवतारांवरचा अल्बम आहे, आणि मत्स्य, कूर्म, वराह ही नावे आपल्याला आजीच्या तोंडून माहीत असल्यामुळे शब्दांकडे कान लगेच जातो. तरीही क्रम मोडू नये. आधी लय, मग रिफ. सिंगापूरच्या रुद्र या बँडने तर २००५ पासून ब्रह्मविद्येवर तीन अल्बमांची मालिका केली आणि त्यांत संस्कृत वचने घेतली. त्या अल्बमांत संस्कृताचा उच्चार गुरगुरीतही लयीत बसतो, आणि आपण बालपणी पाठांतर केलेल्या श्लोकांची यती, म्हणजे चरणातला विराम, तिथे ओळखू येते. ज्यांना परकी भाषा अडसर वाटते त्यांनी तिथून सुरुवात करावी.

हैदराबाद नांदेडच्या माणसाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. गॉडलेस हा बँड मूळचा तिथलाच, आणि त्यांचा २०२१ चा 'स्टेट्स ऑफ केऑस' कोणत्याही सवलतीशिवाय जगातल्या चांगल्या अल्बमांशेजारी ठेवता येतो. त्यांचे रिफ घट्ट आहेत, मुद्रण स्वच्छ आहे, आणि गिटारच्या एकल वादनाला जुन्या हेवी मेटलची ओढ आहे. मुंबईच्या गटस्लिटचा २०१७ चा 'अँप्युथिएटर' याहून क्रूर आणि वेगवान जातीचा आहे. तो मी मानतो, पण वारंवार लावत नाही.

मत लिहिताना

आता लिहायला बसावे. किती वेळा ऐकले, कशावर ऐकले आणि बँडचा मागचा कोणता अल्बम माहीत आहे, हे पहिल्या दोन वाक्यांतच सांगावे. स्तुती असो की टीका, तिच्यासोबत गाण्याचे नाव आणि मिनिट द्यावे: 'तिसऱ्या गाण्यात दोन मिनिटांनंतर लय अर्ध्यावर येते आणि रिफ तिथे उघडतो' असे वाक्य वाचणाऱ्याला तपासता येते, 'काय भारी वाजवले आहे' हे तपासता येत नाही. दहापैकी गुण देण्याची सवय मी सोडली, कारण गुण दिले की लोक गुणांवर बोलतात, संगीतावर बोलत नाहीत. आवडले नाही तर बँडने काय करू पाहिले ते आधी न्याय्य शब्दांत मांडावे आणि मग ते कोठे साधले नाही ते लिहावे. दुसऱ्याचे मत वाचण्यापूर्वी आपले लिहून पूर्ण करावे.

लिहिलेल्या मतासमोरचे पान कोरे ठेवावे आणि सहा महिन्यांनी अल्बम पुन्हा ऐकून त्यावर वेगळ्या शाईने लिहावे, आधीचे मात्र खोडू नये. माझ्या वहीत टूम मोल्डच्या पानावर निळ्या शाईतले 'भरकटले' तसेच आहे, आणि समोर हिरव्या शाईत दीड पान भरले आहे. 'ऍब्सोल्यूट एल्सव्हेअर' समोर आतापर्यंत तीनच ओळी आहेत, त्यांतली शेवटची अशी: दुसऱ्या रचनेतला पहिला सांधा काल रात्री बाहेरून जोडलेला वाटला नाही, पुन्हा ऐकणे.